डुगडुगणारं टेबल

३ तारीख, मंगळवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हॉटेलात टेबलाखाली गुडघ्यांवर बसून त्याचे पाय चाचपत होतो, तेवढ्यात होणारे जावईबापू आले. मला दिसले ते फक्त त्यांचे बूट. पोरीने वरून पाठीत चिमटा काढला. बाहेर आलो तो हातात घडी घातलेलं मेन्यूकार्ड; एक पाय आखूड होता, त्याखाली सारणार होतो.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. हा जावई त्याच हॉटेलातला मुख्य आचारी. ब्राझील आणि जपान यांच्या जेवणांचा एकत्र संसार थाटलाय म्हणे तिथे. दोन्हीकडचे पाहुणे उपाशी परतत असणार. फरशीएवढी बशी, तिच्या कोपऱ्यात कच्च्या माशाचे पाच काप, त्यांवर पॅशनफ्रूटचा आंबट रस. प्रत्येक घासाआधी वेटरचं भाषण. घास संपतो, भाषण उरतं. भिंतींना गिलावा नाही, त्याला स्टाइल म्हणतात. उजेड इतका बेताचा, की शेजारचे गृहस्थ मोबाईल पेटवून आपलं जेवण शोधत होते.

जावईबापू म्हणाले, टेबल शंभर वर्षांच्या लाकडाचं आहे. मी म्हणालो, प्लायवूडवर चिकटवलेली साल आहे, वय फार तर चार महिने. पोर उठून बाहेर गेली.

काप मात्र स्वच्छ होते. सुरीला एकाच बाजूने धार, आपल्या सुतारकामातल्या पटाशीसारखी. रोज स्वतः दगडावर लावतो म्हणाला. असो.

लग्नाला होकार की नकार, ते तिला रविवारपर्यंत हवं आहे. तोवर अबोला. तू माझ्या बाजूने तिला चार शब्द लिही. तुझा लोभ तरी टिकव, घरातला आटलाय.

तुझा धाकटा


५ तारीख, गुरुवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. माझं लग्न ठरलं तेव्हा तू त्यांच्याकडची कपाटं उघडून बिजागऱ्या तपासल्या होत्यास. मुलाकडे पाहिलंच नव्हतंस. पुढे अठ्ठावीस वर्षं संसार केला, बिजागऱ्यांनी काही त्रास दिला नाही.

तुझ्या हाताखाली एक कारागीर टिकला नाही, कारण कुणाची धार तुला कधी पटली नाही. आता एकाची पटली, तर ते पत्राच्या तळाशी कोंबून वर 'असो' लिहितोस. मला लिहिलंस ते लेकीला सांगितलंस का? नसशील. तुझ्या बाजूने मी एक शब्द लिहिणार नाही.

माया आहे तेवढी राहील. मागून वाढणार नाही.

ताई


८ तारीख, रविवार

ती. ताईस,
नमस्कार. टोमणे पोचले.

काल संध्याकाळी पोरीला एवढंच म्हणालो, की जेवण भिकार होतं, धार चांगली होती. ती हसली. मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलली.

आज सकाळी सात वाजता तो टेम्पोत हॉटेलातलं ते टेबल घालून दारात आला. तीन पाय चौथ्याएवढे कापले. करवत मी चालवली, टेबल त्याने दाबून धरलं. नंतर त्याने माझी पटाशी उचलली, अंगठ्यावर फिरवून पाहिली. धारेचा दगड कुठे असतो, ते विचारलं.

मी दगड दिला. होकार वेगळा द्यावा लागला नाही.

धाकटा