पदरात बांधलेल्या सात गोळ्या

औरंगाबाद, १९९६

चि. गुंडप्पास अक्काचा आशीर्वाद, आन तुज्या सुटलेल्या पोटालाबी.

मी बरी हाय. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत जेवते, शेजारणींशी भांडते. अप्पा तंबाखूला शिव्या घालायचे, आन त्यांची लेक हितं डॉक्टरच्या सहीनं अफूची गोळी खाती! पण त्या गोळीनं कंबरंतलं दुखणं पळतंय बघ.

तुज्या लेकीचा, रुद्राणीचा खोकला गेला का?

एक हुशारी मात्र नडली. ही गोळी धर्मापुरीत सोड, परळीतबी मिळत न्हाई. म्हणून घरी न्यायला मी रोज एक गोळी न खाता पदराला बांधून ठिवली. हितला नियम असा, की दर सोमवारी उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या. पदराची गाठ सोडली तर सात निघाल्या. डॉक्टर म्हणले, "दुखणं कमी झालं वाटतं, बाई." त्या सात घेतल्या काढून, आन रोजच्या निम्म्या केल्या.

तू म्हणशील, कावून बोलली न्हाईस? अरे, घरी न्यायला ठिवल्या म्हणलं आन विकाय नेतीय समजून गोळ्यांच्या यादीतनं माजं नाव कटलं तर?

दुकानात गिऱ्हाईक पटवतोस, तसं डॉक्टरला पटव, की दुखणं कमी न्हाई झालेलं, गोळ्या पयल्यावानी पुऱ्या द्या. घाई न्हाई, सवडीनं ये. पण रविवारच्या पहिल्या यष्टीनं ये.

अक्षराला हसू नको. बसवत न्हाई, म्हणून भिंतीला कागद लावून उभ्यानं लिवलंय.

तुजी वाट बघणारी,
अक्का