व्याही सहा महिने आधी आले

शनिवार, २७ जून

ती. एतेल्काताईस,

यानोशचा साष्टांग नमस्कार. डॅन्यूबपलीकडे तू खुशाल असशील आणि गुडघा जिना चढू देत असेल. इथली ताजी बातमी अशी की तेरेझ्का जुलैत आमच्याकडे येणार नाही. काल संध्याकाळी तिच्या आईनेच, म्हणजे आमच्या लेकीने, एमेशेने, फोनवर पक्कं सांगितलं. सप्टेंबरात नात स्लोव्हाक शाळेत जाईल. त्याआधी तिला आजीशी आपल्या हंगेरियन भाषेत, मग्यारमध्ये भांडता यावं म्हणून हा एक महिना मी वर्षभर मागत होतो. (सध्या आम्ही मग्यारमध्ये विचारतो, ती स्लोव्हाकमध्ये उत्तर देते.) तो महिना मी दहा मिनिटांत घालवला.

झालं असं. बुधवारी दुपारी मी शिडीवर चढून आंबट चेरी काढत होतो. अंगात बनियन, पँटला सुतळी. फाटकाशी गाडी थांबली आणि आमचे व्याही वेंडेलिन उतरले, काळ्या सुटात, थेट झिलिनाहून. मागे विहीणबाई केक घेऊन. "यान्को, नामदिनाच्या शुभेच्छा!" आता ताई, आपल्या कॅलेंडरात यानोश नावाच्या संताचा दिवस, म्हणजे माझा नामदिन, सत्तावीस डिसेंबरला. त्यांच्या स्लोव्हाक कॅलेंडरात यानोशचा यान होतो आणि तो चोवीस जूनला येतो हे मला ठाऊक आहे, पण यान मी फक्त इथल्या सरकारी ओळखपत्रावर असतो. मी शिडीवरूनच म्हणालो, "व्याहीबुवा, सहा महिने आधी आलात की! डिसेंबरात या." विनोदच केला होता. पण शिडीवरून केलेला विनोद खाली पोचेपर्यंत जड होतो.

घरात कालचं राजम्याचं सूप होतं. (आमच्या सौ. युलिशने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते कॅलेंडर मीच छापलं होतं.) व्याह्यांनी ते मुकाट्याने संपवलं आणि म्हणाले, "हा दिवस तुम्हाला नको होता, तर तीन वर्षं आमच्याकडे येऊन माझी स्लिवोवित्सा ब्रँडी कशाला प्यायलात?"

"ती तर जाळासाठी होती ना? तुमच्या डोंगरावर त्या दिवशी पेटवतात तो."

"जाळ गावाचा. बाटली तुमच्या नामदिनाची."

"तीन वर्षं ढोसली," युलिश म्हणाली, "एकदा तरी विचारायचं, कशासाठी आहे!"

ताई, त्यांनी दरवर्षी माझ्यासाठी भाषणही केलं होतं. पण भाषण सुरू झालं की मान हलवायची आणि ऐकणं थांबवायचं, ही सवय मला जुन्या राजवटीतल्या सभांनी लावली. आणि मी काय करत होतो? दर डिसेंबरात तुला चार-चार पानं लिहीत होतो, की इतकी वर्षं शेजारी राहून या लोकांना आपला एक दिवस लक्षात राहत नाही, व्याह्यांचा साधा फोन नाही. त्यांनी तो दिवस केव्हाच साजरा केलेला असायचा, आणि तोही मला मेजाच्या मानाच्या जागी बसवून.

हे तिथेच कबूल करायला हवं होतं. मी म्हणालो, "ओळखपत्रावरचा यान तुमचा, घरातला यानोश माझा."

व्याह्यांनी तोंड पुसलं. "म्हणजे घरातल्याला आम्ही अजून भेटलोच नाही," म्हणाले आणि उठले. केक तसाच राहिला. (नंतर मी खाल्ला. चांगला होता.)

आज सकाळी मी स्वतः फोन केला. तिन्ही वर्षांचे जून आणि तिन्ही वर्षांचे डिसेंबर, सगळं सांगितलं. येत्या पाच तारखेला, रविवारी, यानचा नामदिन उशिराने करतो, या, असंही म्हणालो. ते म्हणाले, "बघतो."

तुझा धाकटा भाऊ,
यानोश

ता. क. तूही ये. खसखशीच्या स्ट्रुडेलच्या दोन वळकट्या आण. आणि मुख्य म्हणजे भाऊजींचा काळा कोट आण. माझा लग्नातला आता पोटापाशी मिटत नाही. ते गेल्यापासून तू तो कोणाला दिला नाहीस, हे माहीत असूनच मागतोय.

ता. क. २. माझी डिसेंबरातली पत्रं मात्र आणू नकोस.

ता. क. ३. आत्ताच एमेशेचा फोन आला. रविवारी अकराच्या सुमारास ते सगळे इथे पोचतील. तेरेझ्काची बॅग भरू का, असं तिने सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, भर, पण डिकीतून उतरवायची की नाही ते तिथे गेल्यावर ठरेल.