शेवटचा नंबर

४ मे
तोर्रेओंदाला पोचले. डोंगरावरचा किल्ला नव्याने बांधून काढलाय, दगड अजून कोरे करकरीत दिसतात. माझं काम सोपं. तळातल्या पाण्याच्या टाक्याकडे जिना उतरतो, त्याच्या दाराशी उभं राहायचं आणि आत गर्दी होऊ द्यायची नाही. राहायला दोन खोल्या, खिडकीत ऊन. रविवारी बहीण माझ्या लेकीला, माइतेला, बसमध्ये बसवून देणार. आठ वर्षांची आहे, पण माझ्यापेक्षा शहाणी.

पावाच्या दुकानात शिरताना रीतीप्रमाणे विचारलं, "शेवटचा नंबर कुणाचा?" एक आजी म्हणाल्या, "माझा." मग त्यांच्यामागे मी. दुकानदारीण लेओकादिया म्हणाली, शहरातली असून वळण आहे हो बाईला. मी म्हटलं, माझी लेकसुद्धा विचारल्याशिवाय कुठे उभी राहत नाही.

६ मे
दुपारी जिन्याचं दार उघडलं. आत अंधार, पावलांची चाहूल. पर्यटक असतील म्हणून सवयीने विचारलं, शेवटचा नंबर कुणाचा? खालून एका बाईचा आवाज आला, "माझा." दिवा लावला. टाक्यापर्यंत चिटपाखरू नव्हतं.

लेओकादियाला सांगितलं तर तिच्या हातातला पाव खाली पडला. "तिथे विचारलंस? अगं, आम्ही त्या जिन्यावर ब्र काढत नाही." पूर्वी किल्ल्याला वेढा पडला तेव्हा गावच्या बायका पाण्यासाठी तिथे रांगेत उभ्या उभ्या मेल्या, म्हणाली. विचारणारा रांगेत लागतो. मागे नवं कुणी आलं, की सगळ्यात पुढची पाण्यात उतरते.

मी हसले. नीट हसता आलं नाही.

८ मे
पळून जायचं म्हणून बॅग भरली. पण पाय आपोआप जिन्याकडे वळले. पाचव्या पायरीवर उभी आहे. पुढे कुणाची तरी ओली शाल, हात लावला तर थंडगार. बहिणीला फोन लावतेय, लागत नाही. पोरीला पाठवू नकोस, एवढंच सांगायचं होतं —

९ मे, रविवार
पाय उचलत नाहीत. अकराची बस येऊन गेली. माइते मला शोधत इथेच येणार —

वर तिचे बूट वाजताहेत. तिला ओरडून सांगायला जाते, तर घशात एकच शब्द. तो बाहेर पडू नये म्हणून रुमाल तोंडात कोंबलाय. देवा, तिने विचारू नये —

दार उघडलं. माझ्या गुणी पोरीने विचारलंच.

रुमाल तोंडातच आहे. तरी माझ्याच आवाजात उत्तर गेलं.

"आई, तुझा होय? मग तुझ्यामागे मी."

खाली पाणी वाजलं. रांग हल—