कपाशीतले मासे

जालना,
९ मे

प्रिय दैवशाला,

पाकीट फोडलंस, एवढ्यावरच मी खूश आहे. नमस्कार. मी बरी आहे. ऊन असं पडलंय की दुपारी कचेरीत फायलींकडे बघत बसलं तर त्या पाण्याखाली ठेवल्यासारख्या हलतात. शाळेत गुरुजी मला ‘खिडकीतली बाई’ म्हणायचे, ती खोड अजून गेलेली नाही. परवा भर सुनावणीत मी तुझ्याबरोबर टेंभुर्णीच्या बाजारात बोरं खात हिंडत होते. न्यायमूर्तींनी दोनदा हाक मारली म्हणे.

तू बोलणं सोडलंस त्याला पाच महिने झाले. सुनावणीत मला काळ्या कोटात बघून तू म्हणालीस, "दाजी वाहून गेले तुझे, अन् तू सरकारकडून बसली?" त्याचं उत्तर आज देते. मी सरकारी वकील आहे, पण चौकशी आयोगाच्या मदतीला दिलेली. तिथं कुणाला जिंकवायचं नसतं. तलाव का फुटला हे शोधायला गावाचे जबाब घ्यायचे, खात्याचे कागद मागवायचे आणि सगळं न्यायमूर्तींपुढे ठेवायचं, सरकारला झोंबणारंसुद्धा. तू माझी बहिणीसारखी मैत्रीण आहेस, हे मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं. ते हसून म्हणाले, "या जिल्ह्यात कोण कुणाचं न्हाई, बाई?"

तू ऐकलंच असशील, पाटबंधारे खातं म्हणतंय की शिवाजीदाजींनी त्या सकाळी शेताला पाणी न्यायच्या पाइपासाठी तलावाची भिंत खोदली, म्हणून तलाव फुटला. आधी गळतीची कसलीच खूण नव्हती, असं त्यांचं म्हणणं. अहवालात हे आलं, तर तुझी पोरं जन्मभर तलाव फोडणाऱ्याची पोरं म्हणून ओळखली जातील. त्या विचाराने माझं जेवणावरचं लक्ष उडालंय.

गेल्या आठवड्यात खात्याच्या एका जुन्या नोंदवहीत एक ओळ सापडली. तलाव फुटण्याआधी आठ दिवसांची. "चांगुणाबाई कळशीत मासे घेऊन आल्या. समज देऊन परत पाठवले." खात्याचे साहेब म्हणाले, मासेचोरीचं काहीतरी असेल, सोडा. मी मात्र ती ओळ पुन्हा वाचली. चांगुणाबाई म्हणजे तुझ्या सासूबाई, आणि त्यांचा जबाब मीच घेतला होता.

आठवतं ना, त्या दिवशी त्या ओट्यावर बसून किती बोलल्या? मेलेले मालक दुपारचे येऊन पाणी मागतात, हे सांगितलं. आणि त्याच दमात, "निंबाखाली डोळा लागल्ता. मंग पाह्यलं तं कपाशीत पाणी. पंधरा दिवस पाऊस न्हाई, अन् सरीत मासे पळून राह्यले! माळकरी मी, मारू कशी? कळशीत धरले, हापिसात दाखवले, मंग तलावात सोडून आले."

ऐकताना मला फार गोड वाटलं. पांढऱ्या बोंडांखाली चमकणारे मासे माझ्याही डोळ्यांपुढून पळत होते. मला ते सगळं स्वप्न वाटलं, मालकांसारखंच. कच्च्या वहीत शब्दन् शब्द उतरवला आणि प्रतिज्ञापत्रातून गाळला. कोरडं, नीटस प्रतिज्ञापत्र केलं. तुमची कपाशी तलावाच्या भिंतीखालीच; भिंत पायथ्याशी आठ दिवस आधीच फुटून त्यातून मासे येत होते, हे ती बाई मला सांगत होती, दैवशाला.

एवढ्यावर थांबणार होते. पण पुढचं लिहिलं नाही तर हे पत्र पाठवण्यात अर्थ नाही. जबाब वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी अंगठा पुढे केला आणि विचारलं, "माशांचं लिवलं का, बाई?" तू आत चहा टाकत होतीस. मी म्हणाले, "हो आत्या, लिहिलं." त्यांनी लगेच अंगठा दिला. माझ्यावर पुरता विश्वास ठेवून दिला. फाल्गुनात त्या गेल्या, आता विचारायला कुणी उरलं नाही. तो एक ‘हो’ मला छळतो. मला लाज वाटते गं.

कच्ची वही मी काल न्यायमूर्तींच्या टेबलावर ठेवली. वहीतल्या मजकुराबद्दल आता मलाच शपथेवर सांगावं लागेल, आणि जी साक्ष देते तिला आयोगाचं काम करता येत नाही. म्हणून ते काम सोडलं. खात्याचे वकील मला सोलून काढतील. सरकारी पॅनलवर ठेवतील की नाही, देव जाणे. आईला अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी अकरा वाजता सुनावणी आहे. तू यावंस असं मी म्हणत नाही. आलीस तर माझ्याकडे बघू नकोस, फक्त ऐक. नोंदवहीतल्या त्या ओळीचा अर्थ मी सांगेन, आणि माशांचं वाक्य कुणी गाळलं, तेही. माफी मागण्याआधी हे करायला हवं, म्हणून इथं मागत नाही.

तुझी,
साधना
साक्षीदार क्रमांक एकोणचाळीस