मेधाताईंची नऊ बटणं

४ फेब्रु., मंगळ.
मारतहळ्ळीच्या या दुकानात सात महिने झाले. माझ्या मानानं लईच. आधीच्या पाच कामांत एवढा कुठंच टिकलो नाही. हात कीबोर्ड खोलतात, सोल्डर मारतात, डोकं भलतीकडंच.
आज एक बाई आल्या. मालक मंजुअण्णा म्हणाले, "तेरा भाषावाली है, तू देख." नागपूरच्या मेधाताई. कोडिंग करतात. स्कूटरवरून पडल्या तेव्हापासून उजव्या हाताची शेवटची दोन बोटं हलत नाहीत. आणि कोडिंगचे सगळे कंस, एंटर, बॅकस्पेस नेमके त्याच बोटांखाली.
मोठ्या कीबोर्डच्या शेजारी ठेवायला नऊ बटणांचा छोटा पाहिजे. एक बटण दाबलं की आधी भरलेल्या चार-पाच ओळी आपोआप टाईप. मॅक्रो.
ताईंची नोकरी नवी. या महिनाअखेर पक्की होणार, नाहीतर घरी. बोटांचं ऑफिसात कुणालाच माहीत नाही.
"कोणाले सांगू नको हं, गजू."
मला इथं विचारतं कोण, ताई.

६ गुरु.
मे.ताईंचा जुना कीबोर्ड मागवून घेतला. काय जास्त दाबतात ते बटणंच सांगतात. बॅकस्पेसवरचं अक्षर पार गेलेलं.
म्हटलं, "ताई, लिहिता कमी, खोडता जास्त."
"बाप्पा! आमच्या मॅनेजरपेक्षा तूच मले जास्त ओळखून राहिला."
मग दिवसातून धा-धा वेळा टाईप करावं लागतं ते त्यांनी सांगितलं, मी वहीत उतरवलं. अर्थ काय कळत नाही. नववीत शाळा सुटली, इंग्रजी त्याच्या आधीच सुटलेली. चित्र काढावं तसं काढलं. कंस उघड, कंस बंद, खालची ओळ, चार घरं सोड.

९ रवि.
नऊच्या नऊ बटणं भरली. नोटपॅडमध्ये दाबून बघितली. एक अक्षर चुकलं नाही. अण्णा म्हणाले "सरी", म्हणजे कन्नडात ठीक, आणि स्वतःच्या हातानं कॉफी आणून दिली. असं कधी होत नाही. मे.ताई दुपारी घेऊन गेल्या.
दिवसभर शीळ घालत होतो म्हणे.

११ मंगळ.
सगळं नासलं.
मे.ताईंनी टीमसमोर काम दाखवायला घेतलं, बटण दाबलं, आणि जिथं तिथं बंद कंस दोन-दोन. पडदा चुकांनी लाल. पोरं हसली. चूक माझी. कोडिंगवाले लिहितात त्या प्रोग्रॅममध्ये कंस उघडला की तो आपोआप बंद होतो. मी पण बंद केलेला. नोटपॅडला काय कळतंय! मला वाटलं टाईप ते टाईप, सगळीकडं सारखंच.
त्यात एकानं विचारलं, "ये डब्बा क्या है?" झालं. बाहेरची वस्तू परवानगीशिवाय जोडायची नाही असा नियम आहे. मॅनेजर म्हणाला, शुक्रवारी घेऊन या, बनवणाऱ्याला आणा, कशाला लागतं ते सांगा.
कशाला लागतं. तेच तर सांगायचं नाहीये.
ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. होसूरकडं गोडाऊनचं काम आहे असं एकजण सांगत होता. आज निघावंसं फार...

१२ बुध.
नाही गेलो.
मे.ताई ऑफिसला जायच्या आधी आल्या, लॅपटॉप घेऊन. शेजारी बसून त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये एकेक बटण तपासलं. बंद कंस काढून टाकले. अक्षरं फार जोरात जात होती, मधलीच गळायची. अण्णा मागून, "स्वल्प निधान, स्वल्प निधान." जरा हळू म्हणजे. मग दर अक्षरामागं थोडं थांबायला लावलं. आता पळतंय.
ताई म्हणाल्या, "शुक्रवारी इतकंच सांग, यानं काम फास्ट होते. बस."

१४ शुक्र.
ऑफिसात गेलो. शर्टावर व्हिजिटरचा स्टिकर. समोर मॅनेजर आणि सिक्युरिटीचा माणूस, फाटकावरचा नव्हे, कॉम्प्युटरची सिक्युरिटी बघणारा.
"ये कुछ रिकॉर्ड करता है?"
स्क्रू काढून टेबलावर खोलूनच दाखवलं. म्हटलं, "सर, ये सुनता नहीं. सिर्फ बोलता है. नौ बातें याद हैं, बस."
तो वाकून बघत बसला. बोर्डबद्दल दोन प्रश्न विचारले, दोन्ही आले.
मॅनेजर ताईंना म्हणाला, "पर ज़रूरत क्या है? सब तो नॉर्मल कीबोर्ड पर करते हैं."
मी तोंड उघडणार, फास्ट म्हणणार, तेवढ्यात ताईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. पसरून. तीन बोटं सरळ झाली, दोन नाही. सगळं सांगितलं.
"ये पहले बताना था ना."
"बताती तो लेते क्या?"
मॅनेजरनं पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं. न पिताच परत लावलं.
डबा तपासायला ठेवून घेतला. कळवतो म्हणाले.
लिफ्टमध्ये ताई, "उगाच बोलली का रे मी?"
"नाही ताई."
खरं काय ते मलाही माहीत नाही. पण त्या मॅनेजरला "लेते क्या" हे विचारायला पाहिजेच होतं कुणीतरी.

२० गुरु.
उत्तर नाही. डब्यावाचून मे.ताईंचं काम मागं पडत चाललंय. महिना संपायला आठ दिवस.
आज आल्या. दुसरा डबा कर म्हणाल्या. आणखी दोन जागी अर्ज टाकतायत. पहिल्या बटणावर कोडिंग नको, इंग्रजीत एक वाक्य भर. अर्थ विचारला. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चालत नाहीत, मी मॅक्रो कीबोर्ड वापरते, माझं काम पूर्ण होतं.
"दरवेळी हे लिहायला बसली की शब्दच सापडत नाही. बटण असलं म्हणजे दाबून मोकळी."
भरलं. वाक्याच्या सुरुवातीला सॉरी होतं. तेवढं इंग्रजी मला येतं.
"ताई, सॉरी कशाला?"
त्यांनी वाक्य परत वाचलं. "काढ."
काढलं. त्यांनी स्वतः दाबून बघितलं. एकेक अक्षर येत गेलं, त्या वाचत गेल्या.
दुसऱ्या बटणाचं सांगत होत्या तोच फोन. नाव बघून उठल्या, बाहेर गेल्या. ऑफिसचाच, म्हणाल्या. मी वही काढून बसलोय. काचेतून दिसतायत, पाठ इकडं. अजून बोलतायत. पक्की की घरी, आत आल्या की कळेल.