पंधरा इंची फसवणूक

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, भावोजींच्या कानाचं यंत्र नीट बसलं का (की ते अजूनही सोयीचं तेवढंच ऐकतात?), हे सविस्तर कळव. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि ते का नाही हे सांगायलाच हे पत्र. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. परवा तर 'पोरीला एका लॅपटॉपपायी रडवलंस म्हणे' एवढं म्हणून तू सरळ फोन ठेवून दिलास. पत्राला असं मधेच तोडता येत नाही. (येतं, पण तोडू नकोस.) तुझी भाची तिकडे वसतिगृहात राहायला आल्यापासून दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येते, तेव्हा तिने तिची बाजू तुला सांगितली असणारच. आता माझी ऐक.

तर झालं असं. तिला विद्यापीठात संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला आणि पाठोपाठ निरोप आला की पहिल्या दिवसापासून स्वतःचा लॅपटॉप हवा, त्याशिवाय वर्गात बसून उपयोग नाही. ठीक आहे. आपल्या वेळी स्वतःची छत्री असली तरी पुरायचं, पण काळ बदलला, मी काही कुरकुर केली नाही. (ही म्हणते केली. हिचं ऐकू नकोस.) मी आहे सुतार. मी केलेल्या घरांत वस्तू आधी आली आणि मग तिच्यासाठी जागा शोधत फिरले, असं कधी झालेलं नाही. शेगडीच्या आधी ओटा होतो, गादीच्या आधी पलंग होतो. म्हणून लॅपटॉपच्या आधी मी लॅपटॉपचं टेबल करायला घेतलं. यात चुकलं काय, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

माप विचारायला तळमजल्यावर गेलो. तिथले गृहस्थ पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे, त्यामुळे जिच्यावर अक्षरांची बटणं आहेत अशा जगातल्या प्रत्येक वस्तूवर आपला अधिकार आहे, असं त्यांना वाटतं. ते डोळे मिटून म्हणाले, पंधरा इंची घ्या, विद्यार्थ्यांना तोच परवडतो, बाकी काही बघू नका. मी बाकी काही बघितलं नाही. पाडलेल्या शाळेच्या दाराचं सागवान माझ्याकडे पडून होतं, इतकं मुरलेलं की आता पिळणार नाही की फुगणार नाही. ते काढलं. वरच्या फळीत पंधरा इंच रुंद उथळ खाच केली, लॅपटॉप घसरू नये म्हणून. दोन्ही बाजूंना सूतभर ढील ठेवली. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुला सांगायला नको, तू बाबांच्या भुश्यात खेळलीस, पण भावोजी खांद्यावरून वाचत असतील तर त्यांच्यासाठी.) मागे वायरीला भोक, खाली दोन खण, आणि उंची पोरीला खुर्चीवर बसवून तिच्या कोपरापाशी मोजून घेतलेली, कारण ती आईवर गेली आहे आणि बाजारातली टेबलं तिच्या हनुवटीला लागतात. हात फिरवला तर कुठे सांधा लागत नाही असं काम. तुला माहीत आहे, मी स्वतःची स्तुती करत नाही, पण या टेबलाची करावी लागते.

मग आम्ही तिघं लॅपटॉप घ्यायला निघालो. दुकान असं होतं की आत शिरताच थंडी वाजावी आणि बोलताना आवाज खाली करावा. गळ्यात टाय बांधलेला एक इसम पुढे आला आणि मला विचारू लागला की किती जीबी हवेत. मी म्हटलं, आधी रुंदी बघू. खिशातून टेप काढली आणि ज्याच्यावर ठसठशीत पंधरा लिहिलं होतं त्याला लावली. ताई, चौदा इंच आणि एक सूत! दुसऱ्याला लावली, तेच. तिसऱ्याला लावली, तर तो चौदाही भरेना. मी शांतपणे विचारलं (शांतपणे नव्हतं असं हिचं म्हणणं) की बाकीचा इंच कुठे गेला. टायवाला हसला. माझ्या तोंडावर हसला. म्हणाला, काका, हे माप पडद्याचं असतं, आणि ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं धरतात.

तिरकं! एवढी वर्षं मी या हातांनी दारं बसवली, कोणी गिऱ्हाईकाने मला दार तिरकं मोजून मागितलं नाही. उद्या मी सहा फुटी पलंग म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहा फूट देऊ लागलो तर माणसाचे पाय बाहेर लोंबतील, आणि सकाळी तेच पाय भांडायला माझ्या दारात येतील. तिरकं माप आम्हीही घेतो, नाही असं नाही, पण ते चौकट गुण्यात आहे का, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का, हे तपासायला. ते बघून झालं की विसरायचं असतं, खोक्यावर छापून पोराबाळांच्या बापांना गंडवायचं नसतं. हे सगळं मी त्या दुकानात स्पष्ट आवाजात सांगितलं. बरीच माणसं जमली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान डोलावली, ते बहुधा टीव्ही घ्यायला आले होते आणि त्यांचीही गत माझ्यासारखीच होणार होती. तुझी भावजय लांब उभी राहून एका धुलाईयंत्राचं झाकण उघडून आत बघत होती. कोणी विचारलंच तर आपण एकट्या आलोय असं सांगायच्या तयारीत.

त्यानंतर आणखी दुकानं पालथी घातली. सगळीकडे तोच तिरका कारभार. मी टेप काढली की विकणारी पोरं एकमेकांना खुणा करत. कोणी सांगे की हा चालायला जलद आहे, कोणी सांगे की याची बॅटरी दिवसभर टिकते, पण खाचेत बसतो का, याचं उत्तर एकाकडेही नाही. आणि अखेर सापडला. नावाला सतरा इंची, पण अंगाने बरोबर पंधरा. मला तर भरून आलं. किंमत ऐकल्यावर ही जवळच्या स्टुलावर बसली, हे खरं आहे. त्या पैशांत मला रंध्याचं यंत्र आलं असतं, वर ते ठेवायला शेड घालता आली असती. उचलून बघितला तर मनगट करकरलं, हेही खरं. पण बसत होता, ताई. मी म्हटलं, यंत्र पुढच्या वर्षी घेऊ, हा बांधून द्या.

तेवढ्यात आमच्या कन्येने तोंड उघडलं. तिने म्हणे आधीच चौकशी करून ठेवली होती. कुठल्याशा कचेरीत वापरून परत आलेला, दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, लहानसा, हलका, वर्षाच्या हमीचा, आणि किंमत आमच्या खिशाला भोक न पाडणारी. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी म्हटलं, दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू माझ्या घरात येणार नाही. आणखीही म्हटलं, की घेतला तर हाच, नाहीतर लॅपटॉप नाही, आणि लॅपटॉप नाही तर विद्यापीठही नाही. रागात माणूस बोलतो. ते तू धरून बसू नकोस. ती धरून बसली, तेवढं पुरे.

ती रडली ती घरी आल्यावर. दुकानात ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हा रोज मला पाठीवर वाहायचाय, टेबलाला नाही." मी टेप गुंडाळू लागलो, तर पुढे म्हणाली, "आणि जुन्याला एवढं नाक मुरडताय, तर टेबलाचं लाकूड कुठलं आहे?" आता तूच सांग, आपल्या बाबांसमोर असं बोलायची आपली टाप होती का? (तुझी होती. पण तुझी गोष्ट वेगळी.) दुसऱ्या दिवशी मायलेकी मला न सांगता गेल्या आणि तो जुना घेऊन आल्या. ही खाचेत ठेवून बघ म्हणाली. ठेवला. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा, मध्ये तो थरथरत उभा, मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा. मी तिथून उठून गेलो.

वर आणखी कळलं की वसतिगृहाच्या खोलीत टेबल आहेच, आणि ते भिंतीला ठोकलेलं आहे. म्हणजे माझं न्यायचा प्रश्नच नाही. ती गेली, बॅग भरून, त्या हलक्या लॅपटॉपसकट, आणि टेबल बाहेरच्या खोलीत तसंच राहिलं. घर एकदम मोठं वाटायला लागलं आहे, ते मला आवडत नाही. त्यात परवा हिने त्या खाचेत चहाचा ट्रे ठेवला. ताई, तो मेला ट्रे अगदी सुतात बसला! ही हसून हसून खाली बसायची राहिली. मी त्या दिवशी चहा घेतला नाही.

तेव्हा माझा निर्णय ऐक. त्या टेबलाला मी रंधा, करवत, काहीही लावणार नाही. टेबल बरोबर आहे, लॅपटॉप चुकीचा आहे. कोणी जाणकार गिऱ्हाईक आलं तर देऊन टाकेन, तुझ्या भाचीला मात्र ते मागूनही मिळणार नाही. तू थोरली आहेस, रविवारी ती जेवायला बसली की तिला चांगली समज दे की बापाच्या कष्टांची किंमत काय असते. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

तुझा धाकटा, आणि या प्रकरणात पूर्णपणे बरोबर असलेला,
भाऊ

ता. क. समज जेवायच्या आधी देऊ नकोस, ती मग नीट जेवत नाही. खरं तर देऊच नकोस. पहिलं वर्ष आहे, दमत असेल.

ता. क. दुसरा. हिने फोनवर सहज विचारून घेतलं, ते भिंतीला ठोकलेलं टेबल फार उंच आहे. पोर त्याच्यापाशी बसतच नाही, पलंगावर कमरेतून वाकून मांडीवर लॅपटॉप घेऊन अभ्यास करते आणि मान दुखते म्हणते. हे तिने आईला सांगितलं, मला नाही. तुझ्या आतल्या खोलीत खिडकीखाली शिलाईचं मशीन होतं, ते तू विकलंस ना? ती जागा रिकामीच असेल. टेबल गुरुवारच्या टेम्पोने पाठवतो आहे. रविवारी आली की तिला तिथे बसू दे. तू मागवलंस म्हण. माझं नाव सांगू नकोस. हात फिरवल्यावर तिला कळेल ते कळेल.

ता. क. तिसरा. खाचेत दोन्ही बाजूंना सागवानाच्याच पट्ट्या बसवल्या आहेत. आता तिचा तो जुना त्यात हलत नाही, मी त्याच मापाचा पुठ्ठा कापून दहा वेळा बघितलं. पट्ट्यांना सरस लावलेला नाही, नुसते स्क्रू मारले आहेत. पुढे शिकून कमवायला लागली आणि तिला मोठा घ्यावासा वाटला, तर सहज काढता याव्यात म्हणून.

ता. क. शेवटचा, आणि पत्र लिहायचं मूळ कारण. तुझ्या आतल्या खोलीच्या दाराचं माप तातडीने कळव. आडवं आणि उभं. भावोजींना मोजायला सांगू नकोस, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तर मुळीच नको.