मरूनराहिले

प्रताप नगर, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय रोशन,

फोन सोडून ताई पत्र काहून लिहून राहिली, असं तुला वाटेल. नाही, थांब. हे पत्र आपल्या बोलीत लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे मी. तुमच्या पुस्तकातल्या मराठीत लिहिणार, म्हणजे वाचताना घोटाळा नको. पहिल्याच ओळीत पाय घसरला तो सांभाळून घे. शेजारचे देवरावकाका आज संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला लेकीकडे निघालेत. उद्या सकाळी तुझ्या ऑफिसात येऊन हे पाकीट ते तुझ्या हातात देतील. त्यांना बसव, चहा पाज आणि त्यांच्यासमोरच वाच. फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेल्या अर्ध्याला 'हं, हं, पुढे' म्हणतोस. कागद हातात आला की मात्र काना-मात्रासुद्धा सोडत नाहीस. माझी दोन पुस्तकं तू तपासलीस, मला माहीत आहे.

आधी घरची खबर. बाबांना काल दवाखान्यातून घरी आणलं; भरती केल्याचं फोनवर सांगितलं होतं, ते तुझ्या 'हं, हं'मध्ये गेलं असेल. बरे झाले म्हणून आणलं नाही. फुप्फुसं पार थकली आहेत, आमच्या हातात आता काही नाही, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी वॉर्डाच्या दाराशी उभ्या-उभ्याच सांगितलं. मी तिथल्या तिथे तुला कळवलं. कळवलं होतं, रोशन. तुझं उत्तर आलं, संध्याकाळी कव्हरही आलं. त्यावर मागून येते. आत्ता सुरू केलं तर हा कागद फाडून टाकीन. बाहेरच्या खोलीत भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असतं. त्याचा आवाज जरा बदलला की मी उठते, बघून येते, पुन्हा बसते, आणि कुठपर्यंत आले होते ते शोधते. अक्षर म्हणून असं आहे.

तिसरा भाग कुठवर आला, निदान शीर्षक तरी सांग, असं तू महिनाभर विचारतो आहेस. कुठवरही आला नाही. एक पान लिहिलेलं नाही. 'ताई, झॉम्बीची लाट ओसरायच्या आत पुस्तक दुकानात हवं,' हे तुझं म्हणणं खरं असेल. तुमच्या प्रकाशनाच्या धंद्यातल्या लाटा मी इथे बसून बघत आले आहे. तू नोकरीला लागलास तेव्हा श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं निघत होती. मग पुराणातले वीर दंड फुगवून कव्हरवर उभे राहिले. मग बंद बंगले आले, मग पोलिसांना कोड्यात टाकणारे खुनी आले. बाहेर कुठंतरी एखादी गोष्ट धो-धो विकली जाते, लोकांचा तिला कंटाळा येतो, आणि मग तुम्ही ती मराठीत आणता. वरातीमागून घोडं, पण घोड्यावर बसलेला मात्र नेहमी घाईत. आता म्हणे पुढच्या वर्षी माणसाच्या प्रेमात पडणारी यंत्रं चालणार आहेत. मला एवढ्यातच सांगून ठेवलंस, बरं केलंस.

मी झॉम्बी लिहायला लागले तेही तुझ्यामुळेच. 'लहानपणी गोष्टी सांगून मला घाबरवायचीस, आता लोकांना घाबरव,' म्हणालास. झॉम्बी म्हणजे काय हे मी वाडीच्या गोदामात कामावर असताना, ट्रकांच्या पावत्या फाडता-फाडता, मोबाइलवर शिकले. मेलेला माणूस उठतो, चालतो, चावतो, पण ओळखत कोणालाच नाही. मला त्यातलं ते न ओळखणंच तेवढं भयंकर वाटलं. म्हणून बुटीबोरीची एक कापड गिरणी घेतली, रात्रपाळी घेतली, आणि पाळी संपल्यावर कामगार फाटकातून बाहेर येतात ते आपल्या बायकापोरांच्या शेजारून सरळ निघून जातात, असं लिहिलं. तू वाचून म्हणालास, चावणं कमी आहे. मग चावणं वाढवलं.

आणि मग तो शब्द. आठवतो ना? की तेही विसरलास? फाटकावरचा गोविंदा घाबरून मालकाला फोन करतो, 'साहेब, इथं मानसं मरून राहिले.' साधं वाक्य. माणसं मरताहेत, लवकर या. तुमच्या ऑफिसातली दीप्ती पुण्याची. तिनं त्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'वा, काय शब्द आहे. मेले, पण राहिले. झॉम्बीला मराठी शब्द सापडला.' तू हसत-हसत मला फोन केलास. मी इतकी हसले की गोदामातले हमाल बघायला आले. आपण तिला काही सांगितलं नाही. दोन शब्द जोडून एक झाला आणि कव्हरवर ठसठशीत छापला गेला, 'मरूनराहिले'. पुस्तक चाललं ते या शब्दावर, माझ्या लिहिण्यावर नाही. पोरं एकमेकांना सोमवारी सकाळी 'काय रे मरूनराहिल्या' म्हणायला लागली. दीप्तीनं एका मुलाखतीत म्हटलं की लेखिकेनं भाषेला नवं क्रियारूप दिलं. नवं कसलं, आपली आजी असंच बोलायची. 'दूध उतू जाऊन राहिलं वं, पाह्य ना.'

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना आधी राग आला, शब्दाचा नाही, पुस्तकाचाच. आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षा घेतलेला हा माणूस. आयुष्यभर पुस्तकांचा ठेला लावला, दसऱ्याला दीक्षाभूमीवर एक वर्ष चुकवलं नाही, आणि त्यांच्या पोरीनं भुताचं पुस्तक लिहावं. 'मी तिथं भुतं विकू का?' म्हणाले. आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण वाचलं. छापलेलं काही घरात पडलं असेल आणि बाबांनी वाचलं नाही असं कधी झालंय का? नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, 'भुताले आत्मा लागते. याच्यात आत्मा कुठं आहे? नुसतं शरीर चालून राहिलं. मंग चालते. धम्माच्या आड येत नाही.' एवढं म्हणून भाकरी मोडली. त्या दसऱ्याला ठेल्यावर खालच्या ओळीत, ग्रंथांपासून हातभर दूर, माझं पुस्तक मांडलं. जो घेईल त्याला पुण्याच्या पोरीची गोष्ट सांगायचे. शेवटी म्हणायचे, 'माह्या रोशननं तिले सांगितलं नाही, पण त्याले मालूम हाय. तो आपला पोट्टा हाय.'

यंदाचा ठेला त्यांच्याच्यानं झाला नाही. मी लावला. ते घरी खिडकीशी बसून राहिले आणि संध्याकाळी मी आले तर कोणतं पुस्तक किती गेलं ते विचारायच्या आधी विचारलं, 'रोशन आलता का ठेल्यावर?' तू त्या दिवशी यायचं म्हणाला होतास. मी म्हटलं, काम निघालं त्याचं. 'काम तर निघतेच,' म्हणाले. माझा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नाही. गोदामात बसवत नाही, घरी बसवत नाही. लिहायला बसले की ते मेलेले कामगार डोळ्यांसमोर येतात, आपल्याच घरावरून सरळ निघून जाणारे, आणि त्यांच्यात मला तू दिसतोस. राग येऊ दे तुला. मलाही आलेला आहे.

मी आत्ता पुन्हा उठून आले. झोपलेत. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं, तर आता सांगते. काल वॉर्डाच्या दाराशी मला जास्त लिहवलं नाही. तीनच शब्द लिहिले आणि तुला पाठवले. 'बाबा मरून राहिले.' तुझं उत्तर मिनिटाच्या आत आलं. 'कडक. शीर्षक फायनल. बाबा शब्दामुळे भावनिक टच येतो.' मी लगेच फोन लावला. तू म्हणालास, 'ताई, एक नंबर, मीटिंगमध्ये आहे, कव्हर पाठवतो,' आणि ठेवलास. मला पुन्हा लावता आला नाही. तोंडानं ते वाक्य म्हणायचं कसं, ते कळेना. संध्याकाळी कव्हर आलं. मातीतून वर येणारा राखाडी म्हातारा, एक काच फुटलेला चष्मा, वर माझं वाक्य. आज सकाळी फोन उशाशी राहिला आणि बाबांनी ते पाहिलं. वरचं तुझं उत्तरही वाचलं. हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. 'हा बुढा माह्यासारखा नाही वं, याचं नाक पाह्य,' म्हणाले. फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, 'पोट्टा पुण्याचा झाला. फोन नको करू. लिहून धाड. कागदावरचं तो बरोबर वाचते.' म्हणून हे पत्र. आता तुमच्या मराठीत लिहिते, प्रूफ तपासल्यासारखं वाच. आपले वडील मरणाच्या दारात आहेत. ते शीर्षक नाही. आणि आता आपल्या बोलीत, कारण तीच खरी. बाबा मरून राहिले, रोशन. म्हणजे अजून आहेत. डोळे उघडले की एकच विचारतात, 'रोशन येऊन राहिला का वं?' अन् मी हो म्हणून राहिली. त्या 'येऊन राहिला'चा अर्थ तू आपला घे, नाहीतर तुह्या पुण्याचा घे. ये, अन् राह्य. मले दोन्ही चालतात.

वाट पाहून राहिलेली,
तुझीच
मेघाताई